एक्केचाळिसाव्या पानावर सही नाही

बाई, तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी सवयीने रोह्याच्या एसटी स्टँडवर जाऊन उभी राहिले. पेणची गाडी लागली, ओळखीचा कंडक्टर हसला, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आता तिकडे माझं काही काम नाही. तरी मी रागारागाने चढलेच. राग तुमच्यावर होता. भांडण अर्धं टाकून माणूस असं निघून जातं का? नागोठण्यापर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत गेले आणि तिथे उतरून परतीची गाडी पकडली.

तुमच्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. एकाने तुम्हाला ‘विद्यार्थिप्रिय प्राध्यापिका’ म्हटलं. तुम्ही असतात तर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत विचारलं असतंत, “कशावरून?” कॉलेजातली निम्मी मुलं तुम्हाला घाबरायची आणि उरलेली निम्मी तुमच्या तासाला फिरकायचीच नाहीत. मी घाबरणाऱ्यांतली. कोलाडच्या आतल्या गावातून आलेली, घरात भात आणि वाल सोडून तिसऱ्या विषयावर बोलणं नाही. पहिल्याच चाचणीत मी एका गणिताचं उत्तर बरोबर काढलं, आणि तुम्ही मार्क द्यायचे सोडून समासात हिरव्या शाईने तोच एक शब्द लिहिलात: ‘कशावरून?’ मी भीती विसरून पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आले.

“बाई, उत्तर बरोबर आहे.”

“असेल. पण तुला कशावरून वाटलं?”

“म्हणजे काय? बरोबर आलं म्हणून.”

तुम्ही मोठ्याने हसलात. बाजूचे सर दचकले. मग तुम्ही खुर्ची ओढून मला बसवलंत, आणि तो तास, त्याच्या पुढचा तास, आणि माझी घरी जायची गाडी, तिन्ही बुडाली. बाई, त्या दिवशी तुम्ही मला पुरे मार्क देऊन टाकले असते तर मी आज कुठे असते, याचा विचार मी कधीकधी करते. कुठेतरी बरीच असते. पण ही नसते.

मी रोह्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले, तुम्ही निवृत्त झालात, आणि आपले शनिवार सुरू झाले. आमची आई दर वेळी विचारायची, “काय गो, दर शनवारी पेनला काय ठेवलंय? पेनला लोक गनपती आनायला जातात, तू हात हलवत येतंस.” मी म्हणायचे, गणित करायला जाते. “शाळेत करतंस त्यानं पोट नाय भरत?” तिला कधी नीट सांगता आलं नाही. आता सांगायचा प्रयत्न करते, तुम्हाला उद्देशूनच, म्हणजे चुकलं तर तुम्ही तिथल्या तिथे चिडाल.

आपली रीत अशी होती. एकीने पान लिहायचं, दुसरीने विरोधी पक्षात बसायचं. विरोधकाने प्रत्येक ओळीला आडवं जायचं. सगळ्या शंका फिटल्या की पानाच्या तळाशी ‘वाचलं, पटलं’ लिहून सही करायची. सही पडल्याशिवाय पुढचं पान लिहायचं नाही. एकेका पानाला चार शनिवार लागायचे, कधी चार महिने. आणि आधी आपलं डोकं झिजवायचं, पुस्तक नंतर उघडायचं, हा तुमचा हट्ट. मी म्हणायचे, बाई, जगात कुणीतरी हे आधीच करून ठेवलं असेल. तुम्ही म्हणायचात, “असू दे की. पेणमध्ये अजून कुणी केलेलं नाही.”

प्रश्नही पेणचाच होता. तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे आम्हा सगळ्यांचेच भाऊ, गणपतीचा कारखाना चालवतात, आणि तुमचं घर कारखान्याच्या मागे. एकदा ते प्लास्टरचा जुना साचा उघडत होते. एक तुकडा अडला म्हणून दुसरा हलवला, तर तो तिसऱ्याला अडला, आणि कुरकुरत शेवटी एका कानाचं टोक तुटलं. भाऊ त्यावर शिव्या देत होते आणि तुम्ही दारात उभ्या राहून वेगळाच विचार करत होतात: कुठला तरी एक तुकडा आधी सुटतोच, असं खात्रीने म्हणता येईल का? घरात आल्याआल्या तुम्ही गणपती काढून टाकलात. सोंड नको, कान नको, हार नको. नुसते तुकडे ठेवले. तेही बहिर्वक्र, म्हणजे कुठेही खळगा नसलेले. असे कितीही तुकडे एकमेकांना खेटून असले, तरी त्यातला एक तरी असा असतो का, जो बाकीच्यांना न हलवता सरळ ओढून काढता येईल?

भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, गनपती काढलास मग राहिलं काय?”

“भूमिती राहिली.”

“आनि आता सगळे रबराचे साचे वापरतात. रबर सोलून निघतं. तुझ्या भूमितीला विचारतो कोण?”

तुम्ही इतक्या खूश झालात! जगाला उपयोग नाही हे कळल्यावर तुमचा हुरूप दुप्पट झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

चाळीस पानं झाली. ती सगळी कागदावरच्या, सपाट आकृत्यांची. कागदावर तुमचं म्हणणं सोळा आणे खरं निघालं: कुठलीही दिशा धरा, त्या दिशेने एक तरी तुकडा मोकळा असतोच. चाळिसाव्या पानावर मी सही केली तेव्हा तुम्ही भावजयीला हाक मारून शिरा करायला लावलात. उरलं होतं ते कागदावरून उठून खऱ्या, जाडीच्या तुकड्यांकडे जाणं. तुम्ही म्हणालात, एक पान लागेल. मी म्हटलं, दहा.

इथे मला ती जुनी गोष्ट काढायची आहे, कारण तिच्याशिवाय पुढचं कुणाला कळणार नाही, आणि मीच मला क्षमा करू शकणार नाही. आमचे बाबा गेले त्या वर्षी मी बीजगणितातली एक वेगळी वही भरत होते. महिनाभराने मी पेणला आले, माझा चेहरा बघून तुम्ही माझं पान वाचलंत आणि निमूट सही केलीत. एक शंका नाही, एक प्रश्न नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं. सात महिन्यांनी कळलं की त्या पानाची तिसरी ओळच खोटी होती, आणि तिच्यावर उभी केलेली सहा पानं गेली. मी रडले नाही, तुम्ही रडलात. म्हणालात, “मला ती ओळ तेव्हाच दिसली होती, निर्मला. तुझी दया आली म्हणून गप्प बसले. मी तुझे सात महिने खाल्ले. पुन्हा कुणी कुणाला दयेची सही द्यायची नाही. मी मरायला टेकले असले तरी नाही.”

हे शेवटचं वाक्य तुम्ही सहज बोलून गेलात. वर चहा मागितलात.

आणि मग तुमचं हृदय कुरकुरायला लागलं. माघी गणपतीच्या गडबडीत भाऊंनी तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. शनिवारी दुपारी मी आले तर तुम्ही उशीला टेकून बसलेल्या, नाकात नळी, मांडीवर वही. एक्केचाळिसावं पान लिहून तयार. अक्षर हललेलं होतं, पण रेघा पट्टीने ओढलेल्या. मी तिथेच स्टुलावर बसून वाचलं. तीनदा वाचलं. सगळं सुंदर होतं, आणि मधोमध एक ओळ होती: ‘एक दिशा अडली तर दुसरी मोकळी असतेच.’

“कर सही,” तुम्ही म्हणालात.

“बाई, ही ओळ.”

“हं.”

“असतेच, हे कशावरून?”

“असते गं. चित्र डोळ्यापुढे आण, दिसेल.”

“दिसतंय. पण दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं तुम्ही मला पंचवीस वर्षांत एकदाही मानू दिलेलं नाही.”

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग न उघडताच म्हणालात, “मग नको करू.” मी वही मिटली आणि म्हटलं, पुढच्या शनिवारी परत बघू. ते आपलं शेवटचं बोलणं. ‘पुढच्या शनिवारी परत बघू.’ मी तुम्हाला नमस्कारसुद्धा केला नाही. तुम्ही माझ्यासाठी काय आहात, हे सांगायला पंचवीस वर्षं होती आणि शेवटची दहा मिनिटं होती, आणि मी त्या दहा मिनिटांत एका ओळीवरून वाद घातला.

मंगळवारी तुम्ही गेलात.

बाराव्याला भाऊंनी मला कारखान्याच्या दारात अडवलं. “एक सही द्यायला काय जात व्हतं गो तुझं? ती खुशीत गेली असती. दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडली व्हती.” त्यांनी वही माझ्या हातात दिली, म्हणजे जवळजवळ आपटलीच, आणि आत निघून गेले. परतीच्या वाटेवर मी पहिल्यांदा रडले. तुमच्या आठवणीने नाही, बाई. दोन दिवस भिंतीकडे तोंड, हे ऐकून. ते दुखणं होतं, की रुसवा, की त्या ओळीचा विचार, हे मला कोण सांगणार?

मग मला एकच मार्ग दिसला. ओळ खरी असेल तर ती सिद्ध करून सही करायची आणि तुमची माफी मागायची. खोटी असेल तर ते दाखवायचं. अधांतरी राहणं मला जमत नाही, तुम्हीच तशी सवय लावली आहे.

पाच आठवडे मी ती ओळ खरी करायच्या मागे होते, देवाशपथ. सुरुवातीला तीन पट्ट्या घेतल्या. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पुन्हा पहिलीवर. वर उचलायला गेलं तर तिघी एकमेकींना अडवतात. पण त्यात तुमचं काही बिघडत नव्हतं, कारण आडवी ओढली की पट्टी निघते. मग त्या आडव्या वाटा बंद केल्या. मग खालच्या. प्रत्येक वाट बंद करायला नवा तुकडा लागायचा आणि त्या नव्या तुकड्याच्या वाटा बंद करायला आणखी नवा. कागदावर दिसेना म्हणून मी धुण्याच्या साबणाच्या वड्या आणून सुरीने कापायला लागले. आईने डोक्याला हात लावला. “काय गो, भाजी करायची हाय साबनाची?” साबण घसरतो, त्यामुळे तो पुरावा म्हणून कुचकामी. पण चौदाव्या तुकड्याला माझा हात थांबला. कुठलाही एक तुकडा धरा, कुठेही ओढा, कुणीतरी आडवं येत होतं. मी ते दोन रविवार तपासलं. तुमची ओळ खोटी होती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. मी बरोबर होते आणि तुम्हाला सांगायची सोय नव्हती.

पुढचं घडलं ते कॉलेजातल्या बदली तासामुळे. फिजिक्सचे सर रजेवर होते आणि अकरावीला विश्वाचं प्रसरण शिकवायला मी उभी राहिले. तुम्ही मला ते साबुदाण्याच्या पापडीवर शिकवलं होतंत. पापडी तेलात पडली की फुलते. प्रत्येक दाणा प्रत्येक दाण्यापासून लांब जातो, जो जितका दूर तो तितका वेगाने सरकतो, आणि कुणीही पहिला निघत नाही. दीर्घिका तशाच एकमेकींपासून दूर जातात. मी फळ्यावर पापडी काढली, ठिपके काढले, बाण काढले आणि खडू हातात धरून गप्प उभी राहिले. मुलांना वाटलं बाई विसरल्या.

एकेक करून निघत नाहीत, तर सगळे एकदम थोडेथोडे सरकले तर? मधला एक बिंदू धरायचा, त्यापासून जो तुकडा जितका लांब तितका तो बाहेर. खळगा नसलेल्या कुठल्याही दोन तुकड्यांच्या मधून एक सपाट कागद सरकवता येतोच. तुकडे तेवढेच ठेवून सगळ्यांची अंतरं, त्या कागदाचंसुद्धा, एकाच प्रमाणात वाढली, तर दोघांतला कुणीही त्या कागदाच्या पलीकडे जात नाही. म्हणजे कुणी कुणाला अडत नाही. कधीच नाही, चौदा असोत की चौदाशे. पुरावा अर्ध्या पानाचा आहे, बाई! तुमच्याच चाळीस पानांतली सगळी सामग्री त्यात वापरली आहे. मी घरी जाऊन बेचाळिसावं पान लिहिलं. रीत मोडली, एक्केचाळिसावर सही नसताना पुढचं लिहिलं. रागवा.

मग मी पुस्तकं उघडली, तुमच्या परवानगीविना. माझा अंदाज बरोबर होता. एकेक न निघणं आणि एकदम सुटणं, दोन्ही गोष्टी जगात लोकांना आधीच माहीत आहेत. पेणमध्ये मात्र नव्हत्या, आणि आपण तिथे आपल्या पायांनी पोचलो. मला वाटलं होतं वाईट वाटेल. उलट अनोळखी गावात आपल्या ओळखीची खूण दिसावी तसं झालं.

पण भाऊंना सांगायचं होतं. पुस्तकाने भाऊंना पटत नाही. मी साबणाचे ते तुकडे डब्यात घालून कारखान्यात गेले. ते गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते, मान वर केली नाही. मी म्हटलं, “भाऊ, हे चौदा तुकडे प्लास्टरमध्ये पाडून द्याल? ताईंच्या कामाचे आहेत.” ताईंचं नाव काढल्यावर ते नाही म्हणू शकले नाहीत. त्यांनी आठवडा घेतला. कडा घासून साफ, प्रत्येक तुकड्यात तारेची कडी बसवलेली. मी ते जुळवून टेबलावर ठेवले आणि म्हटलं, “यातला कुठलाही एक काढून दाखवा. बाकीच्यांना हलवायचं नाही.”

उभं आयुष्य साचे उघडण्यात घालवलेला माणूस. आधी हसले. मग चष्मा लावला. मग बाह्या सरसावल्या. तासभर कारखान्यातलं काम थांबलं होतं. रंगवणाऱ्या बायका, माती मळणारे गडी, सगळे भोवती उभे राहून सूचना देत होते. शेवटी भाऊ मागे सरले आणि खुर्चीवर बसले.

“नाय निघत.”

“नाही निघत.”

“म्हंजे ताईचं चुकलं व्हतं.”

“त्या एका ओळीत, हो.”

त्यांनी एक कडी पुन्हा ओढून पाहिली. मग हळू म्हणाले, “तू सही केली असतीस तर ती चूक घेऊन गेली असती.” आणि मग जे मी विचारायला धजले नव्हते ते आपणहून बोलले. “भिंतीकडं तोंड करून पडली व्हती तेव्हा बोट फिरवत व्हती भिंतीवर. रेघा काढल्यागत. मला वाटलं भ्रम झालाय.”

बाई, मला तिथे रडू फुटलं, सगळ्या बायकांच्या देखत. तुम्ही रुसला नव्हतात. तुम्ही काम करत होतात. माझी शंका घेऊन तुम्ही दोन दिवस त्या ओळीशी झुंजत होतात. आणि मी खुळी समजत होते की मी तुम्हाला काहीच न देता परत पाठवलं.

डोळे पुसून मी सात जणांना टेबलाभोवती उभं केलं. भाऊ, वहिनी, तीन रंगवणाऱ्या, एक गडी आणि मी. प्रत्येकाच्या दोन हातांत दोन कड्या. “कुणीही पुढे जायचं नाही,” मी म्हटलं, “सगळ्यांनी एकदम, सावकाश, मागे.” पहिल्यांदा वहिनींनी घाई केली आणि सगळं अडकलं. दुसऱ्यांदा गडी शिंकला. तिसऱ्या वेळी चौदाच्या चौदा तुकडे आवाज न करता एकमेकांपासून सुटले, मधे बोटभर जागा झाली, मग वीतभर, आणि सात माणसं हातात तुकडे धरून एकमेकांकडे बघत हसत राहिली. अडलेला साचा असा उघडताना त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता. एका रंगवणारीने चक्क तुकड्यांना नमस्कार केला.

मी एक्केचाळिसाव्या पानावर सही केलेली नाही आणि करणार नाही. त्या पानाच्या तळाशी मी लिहिलं, ‘वाचलं, पटलं नाही, म्हणून पुढचं सुचलं,’ आणि खाली तुमचं नाव आधी, मग माझं. तेव्हा तोंडाने सांगायचं राहिलं ते हेच होतं. मला जे काही येतं ते तुमच्यामुळे येतं, तुम्हाला आडवं जाणंसुद्धा.

बेचाळिसावं पान मी भाऊंना वाचून दाखवलं, पापडीसकट. ते ऐकत होते, हातात एक तुकडा फिरवत होते. संपल्यावर मी विचारलं, “पटलं?”

“ते ठीक हाय,” भाऊ म्हणाले. “पन चौदाच हात कशावरून? एका हातात दोन-तीन कड्या धरल्या तर? सहा हातांत नाय व्हनार? चारात?”

मी वही उघडली. पुस्तकातही मला याचं उत्तर सापडलेलं नाही, निदान आपल्या चौदा तुकड्यांपुरतं. त्रेचाळिसाव्या पानाच्या डोक्यावर मी भाऊंचा प्रश्न लिहिला आणि समोर त्यांचं नाव घातलं. खालची सगळी जागा कोरी आहे. मला उत्तर येत नाही, बाई, आणि आज सकाळपासून मी त्याच आनंदात आहे.